क्षिप्राकाठची होडी

क्षिप्रेच्या काठी राहणाऱ्या वकिलाने मासेमारीची होडी बांधावयास घ्यावी, यात काही विसंगती आहे हे आम्हांस मान्य आहे. उज्जयिनीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यातून क्षिप्रेचे पाणी चंबळ, यमुना, गंगा अशी यात्रा करीत पूर्वसमुद्रास मिळते. म्हणजे आमच्या पूर्वजांच्या कोकणाकडे ते पाठच फिरवते. तथापि तिकडच्या माणसाने येथे येऊन काही उभारावे, ही गोष्ट या नगरीस नवी नव्हे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखठणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. आमची मजल चौदा इंचांच्या होडीपर्यंत गेली, इतकेच.

होडी आली ती पेटीतून. परदेशी बनावटीच्या त्या पेटीत प्लायवूडची कापीव फळकुटे, दीड मिलिमीटर जाडीच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, वरून लावावयाच्या अक्रोडाच्या पातळ चिपा, बारीक पितळी खिळे, सूत आणि नकाशाचे दोन प्रशस्त कागद होते. अशिलांची कागदपत्रे आवरली की रात्री तासभर आम्ही तिच्यासमोर बसत असू. प्रथम पठाण, म्हणजे होडीचा कणा. त्यावर वांक, म्हणजे बरगड्या. आणि मग एकेक पट्टी ऊन पाण्यात भिजवून, वाकवून, डिंकाने व खिळ्यांनी बसवावयाची. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु प्रत्येक वांकाची कड तिरपी घासून पट्टी तीवर सर्वांगाने टेकेल असे करावे लागते. नाळेजवळ, म्हणजे जेथे होडी निमुळती होते तेथे, पट्ट्यांची रुंदीही तासून कमी करावी लागते. या घासण्यातच आमचे दोन महिने गेले. न्यायालयातील तारखांची सवय असल्यामुळे त्याचे विशेष वाटले नाही.

पठाण, वांक, नाळ हे शब्द अर्थातच नकाशावर नव्हते. ते आमच्या काकींनी दिले. काकींचे माहेर गोव्यातील सांखळीचे, आजोळ मालवणचे; वय ब्याऐंशी. लग्न होऊन त्या माळव्यात आल्या, त्यास साठ वर्षे होऊन गेली. आमच्या घरातली कोकणी दोन पिढ्यांपूर्वीच आटली. मासळीची नावे तेवढी जिभेवर राहिली. ज्या होडीतून ती मासळी येते तिच्या अंगाप्रत्यंगांना काय म्हणतात, हे विचारण्याची गरज आम्हां खाणाऱ्यांना कधी भासलीच नव्हती.

सांगाडा पाहून काकी म्हणाल्या, "आधी बरगड्या आणि मग कातडी? आजोळी सुतार उलटे करीत." त्यांचे म्हणणे खरे आहे. रापणीच्या जुन्या होड्यांत फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवून आधी कवच तयार करीत आणि वांक मागाहून आत बसवीत. अशी शिवलेली होडी लाटेत किंचित लवते. वाळूवर आपटली तरी खिळ्यांच्या होडीसारखी चटकन उलत नाही. आणि हे सारे नकाशावाचून, नजरेच्या व हाताच्या अंदाजाने होई. असा सुतार गेला की त्याच्यामागे कागदाचा चिटोराही उरत नाही. पेटीतली होडी मात्र वाटेल त्याला बांधता येते, याचा पुरावा आम्ही स्वतःच आहो.

शिवलेल्या होडीचा संबंध माळव्याशीही पोहोचतो, हे वाचकांस कदाचित नवल वाटेल. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, दोरीने बांधाव्यात, असे सांगितले आहे. कारण दिले आहे ते असे, की समुद्रातील चुंबकाचे खडक लोखंडास ओढून नौका बुडवतात. कारण चुकीचे, पण आचार बरोबर. असे निकाल आम्ही कैकदा पाहिले आहेत. त्याच ग्रंथात लाकडांचेही चार वर्ण केले असून दोन वर्णांची लाकडे एका नौकेत मिसळू नयेत असा निर्बंध आहे. आमच्या होडीत तीन जातींची लाकडे गुण्यागोविंदाने नांदत आहेत. भोजराजाने क्षमा करावी.

बाहेरचा थर पुरा झाल्यावर काकींनी होडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि साठ वर्षांच्या मराठीवर मात करून विचारले, "ही होडी उदकांत तरतली मरे?"

उत्तर नकारार्थी होते. तळाला वजन नाही, म्हणून ती कलंडणार. साधा डिंक पाण्याने सुटणार. तंतोतंत दिसते, पण ज्यासाठी होडी असते तेवढेच तिला येत नाही. काकींच्या सांखळीस विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत दिवे लावलेल्या लहान नौका सोडतात. त्या पाहत काकी वाढल्या. त्या नौका कोणत्याही जहाजाची अचूक नक्कल नसतील. पण त्या तरतात. आणि गंमत अशी, की पुराणाप्रमाणे त्रिपुरासुरावर महाकालाने जय मिळवला म्हणूनच अवंतीस उज्जयिनी हे नाव पडले. विजय येथला आणि नौका तेथे!

चिरंजीवांचे म्हणणे, इतक्या महिन्यांचे काम पाण्यात घालू नये, काचेच्या कपाटात ठेवावे. त्यांची बाजू दुबळी नाही. क्षिप्रेत 2014 पासून नर्मदेचे पाणी सोडू लागले असले, तरी पर्वणीच्या गर्दीत रामघाटावर काय होईल ते सांगता येत नाही. काकींना आता सांखळीचा प्रवास झेपणार नाही, ही दुसरी बाजू.

काकींनी उंडीच्या तेलाचा आग्रह धरला होता; ते येथील बाजारात मिळाले नाही, म्हणून आतून रेझिनचे दोन हात दिले आहेत. जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या पठाणाच्या दोन्ही अंगांस बसवीत आहो, आणि बादलीत घालून तोल पाहत आहो. काल ती डावीकडे झुकत होती. आज चार गोळ्या उजवीकडे हलविल्या. वरच्या फळ्या अजून ठोकलेल्या नाहीत, कारण त्या बसल्या की आत हात जाणार नाही. कार्तिकी पौर्णिमेस काकींना घाटाच्या पायऱ्या उतरवून नेण्यासाठी एक वेताची खुर्ची आणि दोन माणसे मात्र ठरवून ठेवली आहेत.