बोटीच्या कडेवरची जागा

शर्यतीच्या बोटीवर जायचं नक्की झालं, तेव्हा बोटीचं सुकाणू धरणाऱ्या सरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. पोहता येतं का, हा त्यानंतरचा. वजन आधी का, तेही त्यांनी लगेच सांगितलं. आमची बोट जे-२४ जातीची. लांबी चोवीस फूट, वर पाच माणसं. रॉड जॉन्स्टन नावाच्या अमेरिकन माणसानं सत्तरच्या दशकात घरच्या गॅरेजमध्ये एक बोट बांधली आणि तिच्यावरून ही सगळी जात निघाली. आज जगभर अशा हजारो बोटी आहेत. अख्खी बोट भरते सुमारे १,४०० किलो. त्यातलं साधारण ४३० किलो शिसं पाण्याखालच्या कण्यात असतं, वाऱ्याच्या जोरानं बोट आडवी होऊ नये म्हणून. आणि या वर्गाच्या नियमाप्रमाणे बोटीवरच्या सगळ्या माणसांचं मिळून वजन ४०० किलोंच्या वर जाता कामा नये. बोटीला उभं धरायला जितकं शिसं, जवळजवळ तितकीच माणसं. शिसं जागच्या जागी राहतं. माणसांना मात्र वाऱ्याबरोबर जागा बदलावी लागते.

हे आकडे ऐकले आणि तयारी म्हणजे काय, याबद्दलची माझी समजूतच बदलली. तोवर मी बूट, टोपी, पाण्याची बाटली यांचा विचार करत होते. आता कळलं, की मी स्वतःच त्या बोटीचं एक साधन आहे. योग्य वेळी योग्य कडेवर माझे अठ्ठावन्न किलो असले पाहिजेत. नसले तर बोट तेवढी जास्त कलणार, शीड तेवढा वारा सांडणार आणि वेग तेवढा जाणार.

समुद्र मला नवा नाही. रेवसच्या लाँचमधून भाऊच्या धक्क्याला ये-जा करतच मी मोठी झाले. पण लाँचमधला माणूस उतारू असतो. तो कुठल्या बाकावर बसला, झोपला की जागा राहिला, याचं लाँचला काही नसतं. शिडाच्या बोटीवर पाय ठेवला की आपलं बसणंसुद्धा काम होतं. वाऱ्याच्या दिशेनं वर चढताना बोट एका बाजूला कलते, तेव्हा सुकाणूवरचा सोडून बाकीच्यांनी उंचावलेल्या कडेवर पाय बाहेर सोडून, खांद्याला खांदा लावून बसायचं. तोंड पाण्याकडे, पाठ बोटीकडे. शीड दिसत नाही, सुकाणू धरलेला हात दिसत नाही. मागून येणारे शब्द तेवढे ऐकू येतात. ऑफिसात मला प्रत्येक गोष्ट समोर दिसल्याशिवाय चैन पडत नाही. कोणी काही ठरवलं तर का ठरवलं, ते विचारल्याशिवाय मी राहत नाही. इथे का विचारायला वेळ नाही. पाठीमागे काय चाललंय ते न पाहता, एका हाकेवर उठायचं. अशा ऐकण्याची तयारी कशी करतात, हे मला कुठल्या पुस्तकात सापडेना.

मग मी माझ्या वाट्याला आलेल्या एकाच कामाकडे वळले. पुढच्या शिडाला ताणून धरणारी जी दोरी असते, तिला शीट म्हणतात. बोट वाऱ्याच्या तोंडातून वळते तेव्हा एका बाजूची शीट सोडायची असते आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूची कोणीतरी ओढायची असते. सोडायचं काम माझं. ऐकायला सोपं आहे. पण शीट लवकर सोडली तर शीड फडफडतं आणि वळणाआधीच बोटीचा जोर जातो. उशिरा सोडली तर वारा शिडाच्या उलट्या बाजूला भरतो आणि बोटीचं नाक नको तितकं पलीकडे ढकलतो. मधला क्षण पकडायचा. नाळ वाऱ्यात शिरते, शिडाची पुढची कड आतल्या बाजूला दुमडायला लागते, तो तो क्षण. ‘घड्याळ बघून येत नाही तो,’ सर म्हणाले. ‘तुम्ही शिडाच्या पुढच्या कडेकडे बघत राहा. हात आपोआप शिकतील.’

हातांना शिकवायला घरात विंच नव्हता. विंच म्हणजे दोरी गुंडाळायचा धातूचा रूळ. तो एकाच दिशेनं, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणून वेढेही त्याच दिशेनं द्यायचे. मी बाल्कनीच्या जाड गजाला दोरी गुंडाळून सराव केला. तीन वेढे, वेढ्यावर वेढा चढू द्यायचा नाही, कारण तो चढला की दोरी आवळून बसते आणि नेमक्या वेळी सुटत नाही. थोडी सैल करायची असेल तेव्हा तळवा वेढ्यांवर सपाट दाबून धरायचा आणि दोरी इंचाइंचानं सरकू द्यायची. बोटं दोरी आणि रूळ यांच्या मध्ये कधीच जाता कामा नयेत. वाऱ्यानं भरलेल्या शिडाची ओढ केवढी असते, ते बाल्कनीत कळत नाही. बोटांनी कुठे असू नये, एवढं मात्र तिथेही कळतं. अंगठी मी त्या दिवसापासूनच काढून ठेवली. दोरीच्या टोकाला आठाच्या आकड्याची गाठ मारायला शिकले, म्हणजे सुटलेली दोरी कडीतून निसटून पाण्यात जात नाही. जेवणानंतर टीव्हीसमोर बसून डोळे मिटून ती गाठ मारत राहिले. मुलगी म्हणाली, ‘आई, आता पुरे.’ मला पुरे वाटत नव्हतं. सुती दोरी ओली झाली की ताठ होते, म्हणून ती बादलीत भिजवून पुन्हा मारून पाहिली.

खरा अभ्यास मात्र वाऱ्याचा आणि पाण्याचा. शाळेत भूगोलाच्या परीक्षेपुरते पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे, त्यांची गाठ आता पडली. मुंबईच्या बंदरात थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीकडून मतलई वाहतो. ऊन चढेल तसा तो विरतो. मग एक पोकळ वेळ येतो, पाण्यावर साधी सुरकुतीही उठत नाही. जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा धरायला लागतो आणि दुपारभर वाढत जातो. शर्यतीसाठी दुपार निवडतात ती म्हणूनच. पावसाळ्यात बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत शिडांचा हंगाम.

क्लबच्या बोटी सांभाळणारे जे तांडेल आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. कुलाब्याच्या कोळीवाड्यातले. त्यांनी मला भरतीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. आमची शर्यत चतुर्थीला. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्यानंतर पाणी उलटं फिरणार. मी घरी येऊन कालनिर्णयवर तिथी पाहिली, मग भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकात वेळ पाहिली. दोन्हींत फारसं अंतर नव्हतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीला भांग. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती जाणार म्हणून महापालिका तारखा जाहीर करते, तेव्हा आपण सगळे त्या वाचतो; पण वाचतो ते रस्त्यावर पाणी तुंबेल का, लोकल चालतील का, एवढ्याचसाठी. त्याच पाण्याला दिशा असते, वेग असतो, ते रोज दोनदा आपल्या दारातून आत येतं आणि दोनदा बाहेर जातं, हे या शहरात जन्म काढलेल्या माणसांपैकी किती जणांनी मनावर घेतलंय? मीही घेतलं नव्हतं. घारापुरीकडे बोट करून मामा म्हणाले, ‘भरती आत ढकलते, ओहोटी बाहेर ओढते. वारा दिसतो, ताई. पाणी दिसत नाही. म्हणून पाण्याची चौकशी आधी करायची.’

या एका वाक्यानं मला शर्यतीची सुरुवात समजली. शिडाच्या बोटी एका जागी थांबून शिट्टीची वाट पाहू शकत नाहीत. दोन खुणांमध्ये एक मनानं आखलेली रेषा असते आणि तिच्या मागे सगळ्या बोटी घिरट्या घालत राहतात. पाच मिनिटं उरली की वर्गाचा झेंडा चढतो. चार मिनिटं उरली की तयारीचा झेंडा, बहुतेक वेळा निळ्यावर पांढरा चौकोन असलेला. एक मिनिट उरलं की तो उतरतो, आणि शेवटी वर्गाचा झेंडाही उतरला की शर्यत सुरू. भोंगाही वाजतो, पण वेळ धरायची ती झेंड्यावरून. त्या क्षणी नाक रेषेवर हवं आणि वेग पुरा हवा. एक हात पुढे गेलं तरी परत फिरून पुन्हा निघावं लागतं. आमची शर्यत दोन वाजता, भरती अजून तासभर उरलेली. वारा कितीही बरोबर ओळखला तरी खालचं पाणी बोटीला रेषेपलीकडे सरकवू शकतं. आमच्यातला एक मुलगा घड्याळ हातात धरून सेकंद मोठ्यानं मोजणार आहे. आम्ही कडेवरचे त्याचा आवाज ऐकणार आणि सरांनी सांगितलं तर आत सरकून वेग मारणार, बाहेर झुकून वेग घेणार.

नियमांचं पुस्तक मी नेटानं वाचलं. दर चार वर्षांनी ते सुधारून निघतं. सध्याचं २०२५ ते २०२८ साठीचं. वाट कोणी कोणाला द्यायची, हे त्यात बारकाईनं सांगितलंय. ज्या बोटीवर वारा उजव्या बाजूनं येतोय तिचा हक्क, डावीकडून वारा घेणारीनं बाजूला व्हायचं. म्हणून समोरून बोट येताना कोणीतरी ‘स्टारबोर्ड!’ अशी आरोळी देतं, ती ऐकली की दचकायचं नाही. पण मला थांबायला लावलं ते पुस्तकाच्या अगदी पहिल्या नियमानं. संकटात असलेल्या कोणत्याही माणसाला किंवा बोटीला शक्य ती सगळी मदत करायची. शर्यतीचं पुस्तक, आणि त्यातला पहिला नियम शर्यत सोडून देण्याचा! जिंकायचं कसं, ते सगळं यानंतर. पाण्यावर पिढ्यान् पिढ्या माणसं गमावलेल्यांनी हा क्रम लावला असणार, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट शिक्षेची. आमच्या शर्यतीत पाण्यावर पंच मागे मागे फिरत नाही. दुसऱ्या बोटीची वाट अडवली आणि चूक आपली आहे हे कळलं, तर आपणच बाजूला व्हायचं आणि बोट जागच्या जागी दोनदा पूर्ण फिरवायची. तेवढ्यात चार-पाच बोटी पुढे निघून जातात. कोणी पाहिलं नसलं तरी फिरायचं. सर याला फार मानतात. सरावाच्या दिवशी त्यांनी वळण्याआधी हे फिरणंच करून घेतलं, कारण दोन फेऱ्यांत दोन्ही शिडं सारखी बाजू बदलतात आणि पाचही जणांचे हात तयार नसले तर प्रामाणिकपणाची किंमत दुप्पट मोजावी लागते. आपली चूक लवकर आणि नीट निस्तरता यावी, म्हणून तिचाही सराव करायचा, असं मला आजवर कुठल्याच शाळेनं किंवा नोकरीनं शिकवलेलं नाही. मला त्यासाठी या खेळाबद्दल आदर वाटतो.

तयारी या विषयावर विचार करताना दिलीप दोंदे यांची आठवण टाळता येत नाही. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नौदलाची ही मोहीम त्यांनी २००६ मध्ये अंगावर घेतली; गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ बांधली गेली, आणि ऑगस्ट २००९ मध्ये ते मुंबईहून निघाले. मे २०१० मध्ये परत आले. प्रवास नऊ महिन्यांचा, त्यामागची तयारी तीन वर्षांची. लोकांना नऊ महिने आठवतात. मला ती तीन वर्षं जास्त ओढ लावतात. लाकूड, फायबर, नटबोल्ट, एकेक दोरी स्वतःच्या हाताखालून गेल्यावर समुद्रात मध्यरात्री काय तुटलं ते अंधारातही ओळखता येत असेल. माझा दिवस दुपारभराचा आणि गेटवे दिसत राहील एवढ्या अंतरातला. तरीही मी आमच्या बोटीवरची प्रत्येक दोरी कुठून निघते आणि कुठे बांधली जाते, ते कागदावर काढून पाठ केलं. पाठ बोटीकडे असताना तो कागदच माझे डोळे असणार आहे.

बाकीचं सामान थोडं आहे. मऊ तळाचे, डाग न पाडणारे बूट. बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे. चष्म्याला मागून दोरी. केस घट्ट बांधलेले. जीवरक्षक जाकीट क्लबमधलं, पण ते अंगावर चढवून, पट्टे आवळून, त्यासकट वाकून आणि रांगून पाहिलं. सकाळी तेलकट काही खायचं नाही, पण रिकाम्या पोटीही जायचं नाही. मऊ भात आणि ताक. खिशात आलेपाकाच्या वड्या, मळमळलं तर एक तोंडात आणि नजर दूरच्या क्षितिजावर. पाणी प्रत्येकाचं वेगळं, जास्तीचं कोणी न्यायचं नाही; बोटीवर किलोकिलोचा हिशेब असतो, तो आता मला कोणी समजावून सांगायला नको.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. वळताना मला शीट सोडून लगेच पलीकडच्या कडेवर जायचं आहे. मोठ्या शिडाच्या तळाची आडवी काठी त्याच वेळी डोक्यावरून बाजू बदलते, आणि डोलकाठीजवळचा मुलगाही त्याच वेळी पलीकडे धावतो. काठीखालून आधी त्यानं जायचं की मी, आणि कडेवर पोहोचल्यावर त्याच्या पुढे बसायचं की मागे? सरावात दोन वेळा आमचे खांदे एकमेकांवर आदळले. हे उद्या गेटवेवरून बोटीकडे नेणाऱ्या होडीत बसल्या बसल्या त्याच्याशी ठरवून घ्यायचं, सर सुकाणू हातात घेण्याआधी.