कण्हेरगडाच्या पायथ्याची पाठशाळा

चाळीसगावहून पाटणादेवीला गेलेले बहुतेक जण देवीचे दर्शन घेऊन परततात. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कडेला उभा असलेला कण्हेरगड त्यांच्या नजरेसमोर असतो, पण वाट्याला येत नाही. या डोंगरात सीतेची न्हाणी, शृंगार चौरी, नागार्जुन कोठी अशा नावांची लेणी आहेत. नावे लोकांनी दिलेली. नागार्जुनाच्या कोठीत प्रत्यक्षात तीर्थंकर विराजमान आहेत!

मला मात्र या डोंगराची ओढ लागली ती पायथ्याच्या एका शिलालेखामुळे.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणि’ आदी ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी येथे, पाटण गावी, मठ स्थापला. यादवांचा मांडलिक निकुंभ सोइदेव याने त्या मठाला दान दिले. शके ११२८, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण. अभ्यासकांनी गणित करून हा दिवस ९ ऑगस्ट १२०७ असा ठरवला. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या मठाच्या दानाची तारीख ग्रहणावरूनच निश्चित व्हावी, हा योग मला फार मोहक वाटतो.

डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांसमोर आणला; १८६५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. भास्कराचार्यांची वंशावळ आज आपण सहज सांगतो, ती बरीचशी या शिळेच्या आधारे: वडील महेश्वर, पुत्र लक्ष्मीधर, नातू चांगदेव.

लेखाचा बहुतांश भाग संस्कृत पद्यात आहे. वंशाची थोरवी, राजांची स्तुती, सगळे रीतीप्रमाणे. शेवटी मात्र भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. का? माझा तर्क असा, की स्तुती विद्वानांसाठी होती आणि येथून पुढचा मजकूर ज्यांना पैसे मोजायचे होते त्यांच्यासाठी. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला आहे. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकाकडून एक पळी तेल.

सिंघणाचे नाव पाठ्यपुस्तकांत आहे. त्या पळीभर तेलात कोणा विद्यार्थ्याने रात्री ‘लीलावती’तील उदाहरणे सोडवली असतील का, हा प्रश्न मला अधिक छळतो. कण्हेरगडावरून खाली पाहिले की मी देवळाआधी घाण्यांच्या जागा शोधू लागतो.