सत्तावीस मेगाहर्ट्झ

खामगावात जुनी रिमोटची गाडी दुरुस्तीला येते तेव्हा आणणाऱ्याचं निदान आधीच झालेलं असतं : "भाऊ, हिचं सर्किट गेलं." सर्किट सहसा गेलेलं नसतं. पत्र्याखालच्या माळ्यावर कितीतरी उन्हाळे काढलेल्या गाडीत आधी जातात सेलचे स्प्रिंग, मग वायरी, मग स्विच. चिप अगदी शेवटी. तपासणीही याच क्रमाने करावी.

*

व्होल्टेज मोजायचं ते मोटर फिरत असताना. चार सेलची गाडी उभी असताना मीटरवर 6 व्होल्ट दाखवते, आणि चाकावर भार आला की निम्म्यावर येऊ शकते. मग रिसिव्हरच्या चिपला पुरेसं मिळत नाही आणि गाडी झटके देत चालते. सेल नवे असूनही असं होत असेल तर मीटरची एक पिन सेलच्या टोकाला लावावी, दुसरी स्विचच्या पलीकडे, आणि गाडी चालवावी. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला, तर तो स्विचमध्ये किंवा गंजलेल्या पट्टीत वाया जातोय.

चार्जिंगचे सेल प्रत्येकी 1.2 व्होल्टचे, म्हणजे चार मिळून 4.8. त्यांच्यावर गाडी जरा मंद पळाली तर तो बिघाड समजू नये.

*

स्प्रिंगवरची पांढरी-हिरवट पूड. अल्कलाइन सेल फुटला असेल तर ती क्षारधर्मी असते. कापसाच्या बोळ्याने व्हिनेगरचा थेंब लावला की फसफसते आणि निघते. स्वस्तातला जस्त-कार्बनचा सेल असेल तर गळती आम्लधर्मी. तिथे खायच्या सोड्याचं पाणी. नंतर स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. पण खरी मेख वायरीत असते. गळतीचा ओलावा प्लॅस्टिकच्या आतून तांब्यावर चढत जातो. बाहेरून लाल चकचकीत दिसणारी वायर सोलली की आत काळी निघते, आणि काळ्या तांब्याला कथलाचा डाग धरत नाही. चकाकणारं तांबं दिसेपर्यंत कापत जावं, नाहीतर सरळ नवी वायर टाकावी.

*

आपल्याकडचा खास बिघाड : रुई. जलंबहून खामगावला 1870 मध्ये रेल्वेचा फाटा आला तोच कापसासाठी. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की रुईचे तंतू अंगणात, रस्त्यावर, घरात येतात आणि गाडीच्या मागच्या आसाला गुंडाळत जातात. आस जड झाला की मोटर जास्त करंट ओढते, ट्रान्झिस्टर तापतात, गाडी थोडी पळून थांबते. दोष मात्र रिमोटला दिला जातो. म्हणून मीटर हातात घेण्याआधी मागचं चाक बोटाने फिरवून बघावं, चिमट्याने तंतू ओढून काढावेत, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. यात अर्ध्या गाड्या मोकळ्या होतात, असा माझा अनुभव आहे.

*

रिमोट मुका की गाडी बहिरी? हे आधी ठरवायचं. जुन्या खेळण्यांत बहुधा सुपर-रिजनरेटिव्ह रिसिव्हर असतो. रिमोट बंद असताना त्यातून सतत खरखर निघते. जुन्या टेपच्या अॅम्प्लिफायरला कॅपॅसिटरमधून जोडलं तर ती ऐकू येते. खरखर आहे म्हणजे रिसिव्हर जिवंत. रिमोटचं बटण दाबताच ती दबून तिच्या जागी टिकटिक आली म्हणजे रिमोटही जिवंत. बिघाड पुढच्या चिपमध्ये किंवा मोटरच्या बाजूला. एका चाचणीत निम्मी गाडी निर्दोष सुटते. या कामातली ही माझी सगळ्यात आवडती चाचणी.

49.860 मेगाहर्ट्झचा रिमोट असेल तर आणखी सोपं. त्याची दुप्पट 99.72, म्हणजे एफएमच्या पट्ट्यातच. रेडिओ तिथे लावून रिमोट जवळ धरावा. बटण दाबल्यावर आवाज बदलतो.

*

टिकटिकीत काय असतं? टीएक्स-2बी आणि आरएक्स-2बी या चिपांची जोडी असंख्य स्वस्त गाड्यांत आहे. हुकूम सुरू होताना चार लांब ठोके, नंतर आखूड ठोके मोजून : पुढे 10, मागे 40, डावीकडे 58, उजवीकडे 64. गाडीतली चिप फक्त मोजते. तिचा मोजण्याचा वेग बाहेरच्या एका रेझिस्टरवर ठरतो. तो ओलाव्याने बदलला की ठोके पोचूनही हुकूम कळत नाही.

*

गाडी पुढे जाते, मागे येत नाही : मोटरला दोन्ही दिशांनी करंट देणाऱ्या चार ट्रान्झिस्टरांपैकी एखादा गेलेला. मीटर डायोडवर ठेवून तपासावं. चांगल्या जोडावर 0.6 ते 0.7 दिसतं, उडालेल्यावर शून्य किंवा काहीच नाही. बऱ्याच गाड्यांत एस8050 आणि एस8550 ही जोडी असते. अकोल्यात सहज मिळते.

*

अँटेनाची वायर कापू नये. 27 मेगाहर्ट्झची लहर 11 मीटरची, पाव लहर पावणेतीन मीटर. खेळण्यात हातभर वायर असते. उरलेली भरपाई कॉइल करते. वायर आणखी आखूड केली की पल्ला घटतो. कॉइलमधला मेण लावलेला फेराइटचा स्क्रूही शेवटपर्यंत हलवू नये. तो आपोआप फिरत नाही.

जवळ नीट चालणारी गाडी मोटर सुरू होताच हुकूम विसरत असेल तर मोटरच्या दोन टोकांमधला 104 लिहिलेला छोटा कॅपॅसिटर बघावा. मोटरच्या ब्रशवरच्या ठिणग्यांचा गोंगाट तोच गिळतो. तो तुटून पडलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

*

निकोला टेस्लाने 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी होडी दाखवली. शेगावच्या दर्शनाहून लेकरासाठी आणलेली गाडी त्याच घराण्यातली आहे, आणि भंगारात किलोवर जाण्याच्या लायकीची नाही. आजच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या गाड्यांत एकमेकींत गोंधळ होत नाही हे खरं, पण त्यांच्या पाटीवर बऱ्याचदा काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली सगळं झाकलेलं असतं. जुन्या पाटीवर प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि मीटरला सापडतो.

*

काम झालं की भार असतानाचं व्होल्टेज, बदललेले भाग आणि वायरींचे रंग कागदावर लिहून तो झाकणाच्या आतून चिकटवावा. सेल काढूनच गाडी परत द्यावी.