एकतीस डिसेंबर

मी डिसेंबर 1971मध्ये बेळगावच्या मराठा सेंटरला भरती झालो. तिकडं लढाई संपली तेव्हा मी ग्राउंडवर दाहिने-बाएं शिकत होतो. माझा मावसभाऊ जानेवारीत आला. एका महिन्याच्या फरकावरून तो मला जन्मभर ‘सीनियर’ म्हणून चिडवत राहिला. दोघांनीही चोवीस वर्षं काढली, दोघंही हवालदार म्हणूनच घरी आलो. मी 31 डिसेंबर 1995ला, तो पुढच्या महिन्यात.

पाचवा वेतन आयोग 1 जानेवारी 1996पासून लागू झाला.

त्याचा हुकूम उशिरा निघाला, त्यामुळं पहिली दोन वर्षं आम्हाला काही कळलंच नाही. मग एका महिन्यात साताऱ्याच्या बँकेत दोघांची पासबुकं शेजारी-शेजारी छापून आली. त्यानं आपला आकडा बघितला, माझा त्याहून कमी आकडा बघितला आणि पासबुक मिटून खिशात घातलं. “चहा घेऊ, दादा,” म्हणाला. त्या दिवशी ‘सीनियर’ म्हणाला नाही.

लोकांना वाटतं फौजी म्हणजे पेन्शनवर मजेत. मी घरी आलो तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो, थोरली दहावीला. सिव्हिलमधला माणूस तेव्हा अठ्ठावन्नपर्यंत पगार घ्यायचा. आम्हाला खर्च डोक्यावर असतानाच घरी पाठवतात. मी पेन्शनचा मोठा हिस्सा विकला, विहीर पाडली, थोरलीचं लग्न केलं. उरलेल्यात भागेना म्हणून पुण्यात एका कंपनीच्या गेटवर नऊ वर्षं उभा राहिलो. विकलेली पेन्शन पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होते. बँकेला त्याची आठवण मलाच तीनदा करून द्यावी लागली.

2015च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर माजी सैनिक समान हुद्द्याला समान पेन्शन मागत बसले, तेव्हा आम्ही दोघंही गोवा एक्सप्रेस धरून दिल्लीला गेलो. तो कशाला आला, त्याचं तर बरं चाललं होतं? मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. 5 सप्टेंबरला संरक्षणमंत्री पर्रीकरांनी ‘वन रँक वन पेन्शन’ जाहीर केली, नोव्हेंबरात हुकूम निघाला. लागू 1 जुलै 2014पासून, थकबाकी चार सहामाही हप्त्यांत. तिथं बसलेल्यांना दरवर्षी बरोबरी हवी होती, हुकमात पाच वर्षांनी आली. 2022मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच मान्य केलं. पाच वर्षं पंचवीस वयाला काही नसतात. सत्तरीतला माणूस मात्र पुढच्या वाढीला आपण असू का, हे बोटांवर मोजतो. तरी त्या हुकमानं आमची दोन पासबुकं एका ओळीत आणली, हे मी नाकारणार नाही. साडेअठरा वर्षांचा फरक मात्र गेला तो गेला.

मावसभाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. फॅमिली पेन्शन वहिनीची, त्यात वादच नव्हता. पण रेकॉर्डला तिचं नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं. नावबदलाची नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर कधी निघालीच नव्हती. तो सियाचीनच्या पायथ्याला होता तेव्हा ती कोण काढणार? आठ महिने वहिनी माझ्याबरोबर कागद घेऊन हिंडली. एका खिडकीवरचा पोरगा म्हणाला, “आजी, तुम्हीच त्यांच्या पत्नी कशावरून?” वहिनीनं पिशवीतून नवऱ्याची सगळी पदकं काढून काउंटरवर ठेवली. तो गोंधळला, म्हणाला हे चालत नाही, अॅफिडेव्हिट लागेल.

घरी आल्यावर मी ट्रंक उघडली. माझ्या डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव ‘सखुबाई’ आहे, आधारवर ‘शकुंतला’. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. नातू अग्निवीरच्या भरतीसाठी पहाटे पळतो, त्यानंच मोटारसायकलवरून एकेकाला सोडलं. चार वर्षांच्या नोकरीत पेन्शनच नाही, तेव्हा त्याच्या बायकोला नावाचा हा त्रास होणार नाही, असं तो हसत म्हणाला. आजी हसली नाही. ती रांगेत उभी राहून नवी सही गिरवत होती.