भिलाईहून येणारा टँकर

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. नागपुरात रुग्णालयात खाट मिळाली, की नातेवाइकांचा दुसरा घोर सुरू व्हायचा: ऑक्सिजन पुरेल ना? टँकर यायचा भिलाईच्या पोलाद कारखान्यातून, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा ओलांडत.

एरवी हा वायू वितळलेल्या लोखंडातला कार्बन जाळण्यासाठी. उणे १८३ अंशांवर त्याचा द्रव होतो. एका लिटरातून साडेआठशे लिटरांहून जास्त वायू सुटतो. टँकर रिता होताना, वैदर्भीय उन्हातही, नळीवर पांढरा बर्फ धरायचा.

त्यातच केंद्राने महाराष्ट्राचा भिलाईतला रोजचा कोटा ११० टनांवरून ६०वर आणला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तो पूर्ववत करण्याचा आदेश दिला.

मदत म्हटली की धान्याची पोती आठवतात. इथे श्वासही टनांत मोजला जात होता.

नळी सुटली, की टँकर पुन्हा पूर्वेकडे वळायचा.