हजार डिग्रीचं कापड

मंडळाच्या गणपतीत नवी ओळख झाली आणि ‘मी कापडाच्या धंद्यात आहे’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘मीना बाजारात का? पैठण्या ठेवता?’ एका वहिनींनी तर परकराच्या अस्तराचा भावही विचारला होता. माझ्या कापडाला ना काठ ना पदर. ते भट्टीच्या दारावर टांगतात, वाफेच्या पाइपाला गुंडाळतात, वेल्डिंगखाली अंथरतात. अंगावर घेतलंच, तर वितळलेल्या धातूसमोर उभा राहणारा माणूस घेतो.

मी मूळचा इचलकरंजीचा. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि गाव मागांचं झालं. आमच्या घरात ताणा-बाणा, पन्ना, वीण हे शब्द भाजी-भाकरीसारखे. इथे येऊन काच, सिलिका आणि अरामिडची कापडं विकायला लागलो, तेव्हा धागा तेवढा नवा होता.

गिऱ्हाइकाचा फोन बहुधा एकाच वाक्याने सुरू होतो, ‘हजार डिग्रीचं कापड पाहिजे.’ खरं तर यातून काहीच कळत नाही. आपल्या भाषेत उष्णतेला किती शब्द आहेत बघा. झळ लागते, धग लागते, चटका बसतो. भट्टीचं दार उघडल्यावर अंगावर येणारी गरम हवा ती झळ. लांब उभं राहूनही चेहरा भाजतो ती धग. हात टेकला की चटका. आणि थेंब उडाला तर तो चौथा प्रकार. उष्णतेपासून जपणाऱ्या कपड्यांचं आयएसओ ११६१२ हे मानक याच गोष्टी वेगवेगळ्या तपासतं आणि प्रत्येकीला वेगळं अक्षर देतं. एका परीक्षेत पहिलं आलेलं कापड दुसरीत नापास होऊ शकतं.

म्हणून मी उलट विचारतो. उष्णता किती वेळ? सेकंदभर की दिवसभर? कापड हलणार का, घडी पडणार का, कोणाचा हात लागणार का? साधं काचेचं कापड साधारण ५५० डिग्रीपर्यंत चालतं, पण सतत दुमडलं तर घडीवर तुटतं. सिलिकाचं कापड हजाराच्या आसपास तग धरतं. सिरॅमिक फायबरच्या दुलईवर १२६० छापलेलं असतं, पण तिला ओढ-ताण सोसत नाही. शिवाय तिचे बारीक तंतू फुप्फुसात जाणं बरं नव्हे, म्हणून हल्ली शरीरात लवकर विरघळणाऱ्या तंतूंची दुलई सुचवतो. धगीसाठी चकचकीत ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं कापड उत्तम, ते धग आरशासारखी परतवतं. पण काजळी बसली की आरसा गेला. कोट पुसून ठेवा, हे सांगायला मी मुद्दाम फेरी मारतो.

फेल्टची गंमत बघायची तर ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारांच्या पट्ट्या काढतात त्या कारखान्यात जावं. प्रेसच्या तोंडातून पट्टी पाचशेच्या वर तापून बाहेर येते, तेव्हा ती इतकी मऊ असते की टणक रुळावर ओरखडा उठतो. म्हणून रुळांना फेल्टचे बाह्या घातल्यासारखे वेष्टण असते. तोंडाजवळ सर्वांत महाग फेल्ट, पुढे पट्टी निवत जाते तसं अरामिडचं, आणि शेवटी साधं पॉलिएस्टरचं. तेच पॉलिएस्टर तोंडाजवळ घातलं तर अडीचशेच्या पुढे वितळून पट्टीला चिकटेल. आणि शेवटपर्यंत महाग फेल्ट घालणं म्हणजे शेतात बुजगावण्याला भरजरी फेटा.

या धंद्यात मला सर्वांत आनंद झाला तो लोकरीमुळे. जबल अलीला १९७९ पासून ॲल्युमिनियम वितळवतात. तिथल्या कुंडांत सुमारे ९६० डिग्रीचा रस असतो. आगीसाठी नावाजलेलं अरामिड इथे हमखास उपयोगी पडेल असं वाटतं, पण वितळलेला ॲल्युमिनियमचा थेंब त्याला चिकटून बसतो आणि आत उष्णता सोडत राहतो. लोकरीच्या मिश्र कापडावरून तोच थेंब घरंगळून जातो. मानकात ॲल्युमिनियमच्या थेंबाला ‘डी’ आणि लोखंडाच्या थेंबाला ‘ई’ अशी दोन अक्षरं आहेत ती उगाच नाहीत. आमच्या शेजारच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. चिंचोक्याची खळ दिलेलं घोंगडं पावसात, थंडीत, उन्हात तेच पांघरणारा धनगर लहानपणी पाहिला होता. त्याला कोणी अक्षर दिलं नव्हतं.

पण कोट कितीही चांगला असला तरी आत माणूस असतो. बाहेरची उष्णता अडवणारं कापड आतलीही अडवतं. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं, पण तो नियम उघड्यावरचा. पत्र्याच्या शेडमधली भट्टी साडेबाराला विझत नाही. एका खरेदी अधिकाऱ्याला सगळ्याच कामगारांसाठी जाड मुलाम्याचे कोट हवे होते. ऑगस्ट होता. मी त्यातलाच एक त्यांना घालायला दिला. दहा मिनिटांत त्यांनी यादी अर्ध्यावर आणली. भट्टीच्या तोंडाशी असलेल्यांना कोट, बाकीच्यांना हलकं कापड. आणि आत सगळ्यांना सुती बनियन. स्वस्त पॉलिएस्टरचं बनियन वितळून कातडीला चिकटतं, मग वरचा कोट कितीही महाग असो.

गेल्या वर्षी देऱ्यात विट्याकडचा एक गलाईवाला भेटला. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं गाळायला देशभर पसरली आहेत, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्याच्याकडे वडिलांचे हातमोजे होते, पांढरट, जाड, कडेला पिंजलेले. ‘चाळीस वर्षं झाली, अजून जळालं न्हाईत,’ कौतुकाने म्हणाला आणि माझ्यासमोर टेबलावर आपटून धूळ झाडली. मी त्याचा हात धरला. ॲस्बेस्टॉस नजरेने ओळखता येत नाही, पण तपासणी होईपर्यंत तेच आहे असं धरून चालायचं असतं. पाणी फवारून मोजे ओले केले, दुहेरी पिशवीत बांधले, टेबल ओल्या फडक्याने पुसलं. प्रयोगशाळेने आठवड्यात तेच सांगितलं. अमिरातीत ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर २००६ पासून बंदी आहे. आपल्याकडे पत्रे अजून विकले जातात, आणि मोजे असे बॅगेतून येतात.

‘वडिलांना शेवटी लई धाप लागायची,’ तो म्हणाला. ‘तंबाखूनं असंल.’ मी काही बोललो नाही. धाप कशाची होती हे आता कोण सांगणार?

नवे मोजे निवडायला तीन फेऱ्या झाल्या. सोनं १०६४ डिग्रीला वितळतं म्हणून त्याला ‘हजाराच्या वरचे’ हवे होते. मी म्हटलं, मोजा मुशीत बुडवायचा नाही, चिमट्याच्या दांड्यापर्यंत येणारी धग अडवायची आहे. पहिली जोडी इतकी जाड की चिमटा हातात फिरेना. दुसरी बोटांना बरी, पण मनगट उघडं. तिसरी बाहेरून अरामिड, आत लोकरीचं अस्तर, कोपरापर्यंत. त्याने मूस उचलली, साच्यात ओतली, परत ठेवली, बोटं उघडून-मिटून पाहिली.

‘लोकरीचं हाय व्हय आत? मग आमचंच की.’ आणि भाव विचारून आणखी दोन जोड सांगितले, कोइम्बतूरला गलाईच्या दुकानात असलेल्या भावासाठी. त्याच्याकडेही वडिलांच्या मोज्यांचा एक जोड आहे म्हणाला. मी लगेच फोन लावायला लावला.