ओट्यावरची मानिनी

या गॅसच्या शेगडीबाई. मुक्काम ओट्यावर. निळ्या ज्योतीचा भारी अभिमान. चुलीने घरं काळी केली, स्टोव्हने भिंतींना रॉकेलचा वास लावला, आपलं मात्र सगळं स्वच्छ, असा तोरा. तो खोटा नाही. ओल्या लाकडांवर फुंकणी मारणाऱ्या बायकांचे डोळे ज्यांनी पाहिलेत, ते या ज्योतीला मनापासून हात जोडतील.

पण बाईंचं एक लपवणं आहे. ज्योत तापली की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. धूर नाही, काजळी नाही, डोळ्यांत पाणी नाही. छातीला मात्र तो झोंबतो, दमेकरी पोराला जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली.

वाऱ्याशी तर बाईंचं उभं वैर. झुळूक आली की थरथरणार, रुसणार. म्हणून पोळ्यांच्या वेळी पंखा बंद, खिडकीही बंद. पुऱ्या तळायच्या, चार शिट्ट्या व्हायच्या, आणि त्या कोंडलेल्या हवेत घरातली आई दोन-दोन तास उभी. हे लाड मला मुळीच मान्य नाहीत. एक्झॉस्ट पंख्याशी बाईंचं छान जमतं. तो ज्योतीवर फुंकर घालत नाही, हवा ओढून बाहेर टाकतो. गॅस पेटवण्याआधी तो लावावा, गॅस बंद केल्यावरही थोडा वेळ चालू ठेवावा. चिमणी असेल तर तिची नळी घराबाहेर निघालेली हवी. नाहीतर ती तेलकटपणा टिपते आणि बाकीचं बरंचसं आपल्याच घरात परत सोडते.

दूध उतू गेलं की बाई आजारी पडतात. बर्नरची भोकं बुजतात, ज्योत पिवळी होते, पातेल्याचं बूड काळं पडतं. म्हणजे जळायला हवा पुरत नाही, आणि आता कार्बन मोनॉक्साइडही निघतोय. सिलिंडर गळला तर त्यात मुद्दाम घातलेला उग्र वास हाक मारतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नाही. बर्नर उतरवून घासावा, भोकं टाचणीने मोकळी करावीत, पूर्ण वाळवून बसवावा.

न्हाणीघरातला गॅस गीझर हा बाईंचा धाकटा भाऊ. फार तापट. कोंडलेल्या न्हाणीघरात त्याने माणसं मारली आहेत. त्याला बाहेर, मोकळ्या हवेत टांगा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी येऊ द्या.